लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे

खेड्यांतील शाळा चालविणारे आमचे पुष्कळ बंधु दोन गाऱ्हाणीं सांगत असतात. एक हें कीं, शास्त्रविषय शिकविण्यास लागणारीं उपकरणें आमच्या शाळेंत नाहींत, तेव्हां पुस्तकांतला धडा मोठ्यानें वाचून दाखविण्यापलीकडे आम्हीं काय करावें? दुसरें हें कीं, मुलगा शास्त्र शिकला म्हणजे उपासनेस येण्याचें सोडील, अशी त्याच्या आईबापांस धास्ती वाटते. या गाऱ्हाण्यांचा विचार करीत असतां आम्हांस एका मनुष्याची वारंवार आठवण होते. तो विद्वानांच्या घरीं जन्मला नव्हता. शाळेंत लिहिणें, वाचणें व हिशेब यांपलीकडे फारसें कांहीं शिकला नव्हता. आणि आयुष्यभर एका लहानशा मंडळीशीं जडलेला राहिला. तरी विजेच्या शास्त्रांत त्याच्या तोडीचे प्रयोग करणारे फार थोडे झाले आहेत. त्याचें नांव मायकेल फॅरडे.

मायकेलचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन येथें झाला. त्याचा बाप जेम्स हा लोहार असून उत्तर इंग्लंडांतील वेस्टमरलंड प्रांतांतून पोट भरण्यासाठीं तिकडे आला होता. बापाची प्रकृति नेहमीं नादुरुस्त असे, आणि ज्या दिवशीं भात्यापुढें उभें राहण्याची शक्ति नसे त्या दिवशीं मजुरीहि नसे. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ सालीं धान्य फार महाग झालें, तेव्हां या मुलाच्या वांट्यास आठवड्यास एक पावरोटी येई व तीच त्यास आठवडाभर पुरवावी लागे.

या घराण्याची मंडळी सँडेमनियन नांवाची होती. स्कॉटलंडांतील जॉन ग्लास व त्याचा जांवई रॉबर्ट सँडेमन यांच्या शिकवणीवरून ती निघाली. तिच्यांत पगारी पाळक नसे. सभासदांतूनच वडील निवडीत व तेच उपदेश करीत. शब्बाथ दिवशीं दोन उपासनांच्या मध्यें श्रीमंत व गरीब एकत्र बसून जेवीत. संपत्ति सांठवून ठेवणें ख्रिस्ती मनुष्यास योग्य नाहीं असें ते मानीत. अवाढव्य लंडन शहरांत हे लोक अगदीं मूठभर होते. आपल्याकडे एखाद्या गांवीं दोनचारच घरें ख्रिस्ती असावीं तसाच प्रकार.

तेराव्या वर्षीं, म्हणजे १८०४ सालीं, मायकेल रीबो नांवाच्या एका पुस्तकविक्याच्या दुकानीं पोऱ्या म्हणून राहिला. त्या काळीं वर्तमानपत्र महाग असे, म्हणून रीबो तें गिऱ्हाइकांस भाड्यानें वाचावयास देई. एका घरचें वाचून झालें कीं तेंच पत्र उचलून दुसऱ्या घरीं पोंचविणें हें मायकेलचें काम. रविवारींहि हें काम चुकत नसे. आईबापांबरोबर वेळेवर उपासनेस जातां यावें म्हणून तो त्या दिवशीं पहांटे लवकर उठून वाटणी उरकून घेई. एका वर्षानें धन्यानें त्याची चालचलणूक पाहून त्यास कांहीं फी न घेतां पुस्तकें बांधण्याच्या धंद्यांत सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतलें.

येथून पुढें त्याची खरी शाळा सुरू झाली. बांधणीस आलेलें पुस्तक शिवतां शिवतां तो तें वाची. दोन ग्रंथांनीं त्याच्या मनाची विशेष पकड घेतली. एक मोठ्या ज्ञानकोशांतील विजेविषयींचा लेख आणि दुसरा जेन मार्सेट नांवाच्या बाईनें लिहिलेला रसायनशास्त्रावरील संवाद. या बाईनें एक शिक्षिका व तिच्या दोन मुली विद्यार्थिनी यांच्या बोलण्याच्या रूपानें सर्व विषय मांडला आहे. मुली शंका काढतात, बाई प्रयोग करून दाखवितात, आणि वाचणारा तिसरा विद्यार्थी होऊन जवळ बसतो. मायकेल मात्र नुसता बसून राहिला नाहीं. पुस्तकांत जें म्हटलें तें खरें आहे काय, हें आठवड्यास वांचलेल्या चार पैशांतून जेवढें करून पाहतां येईल तेवढें तो करून पाही. बाटलीचें त्यानें घर्षणानें वीज उत्पन्न करणारें यंत्र केलें. तांब्याचीं सात नाणीं, जस्ताच्या तितक्याच चकत्या आणि मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागदाचे तुकडे एकावर एक रचून त्यानें विजेची उतरंड उभी केली व तिच्या योगानें एका क्षाराचे घटक वेगळे केले. या सर्व साहित्यास जो खर्च लागला तो एका मजुराच्या खिशासहि जड वाटण्याजोगा नव्हता, ही गोष्ट आमच्या शिक्षक बंधूंनीं ध्यानांत घ्यावी. पुढें जगांत कीर्ति झाल्यावरहि फॅरडे यांनीं मार्सेटबाईंस आपल्या पहिल्या गुरु मानलें आणि आपले छापलेले निबंध त्यांजकडे पाठविले.

ख्रिस्ती गीतें रचणारा इझाक वॉट्स याचें मनाच्या सुधारणेविषयींचें एक पुस्तकहि त्याच्या हातीं आलें. ऐकलेलें टिपून ठेवावें, आणि शब्दांस भुलून त्यांचा अर्थ कळला असें समजूं नये, हा त्यांतला उपदेश मायकेलनें अक्षरशः पाळला. टेटम नांवाच्या गृहस्थाच्या घरीं शास्त्रावर व्याख्यानें होत, दर व्याख्यानास एक शिलिंग पडे. तो शिलिंग त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट देई. हा रॉबर्टहि लोहारच. अशा रीतीनें ऐरणीवरच्या कमाईंतून धाकट्या भावाचें शिक्षण चाललें.

१८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत सर हंफ्री डेव्ही यांचीं चार व्याख्यानें ऐकण्यास तिकिटें दिलीं. डेव्ही हे त्या वेळचे नांवाजलेले रसायनशास्त्रज्ञ. मायकेलनें ऐकलेलें सर्व घरीं येऊन विस्तारानें लिहून काढलें, त्यास चित्रें जोडलीं, स्वतःच्या हातानें त्याचें सुमारें तीनशें पानांचें पुस्तक बांधलें व नोकरीच्या विनंतीसह डेव्हींकडे पाठवून दिलें. जागा लगेच नव्हती. पण कांहीं महिन्यांनीं तेथील एका नोकरास काढावें लागलें, आणि मार्च १८१३ मध्यें पुस्तकें बांधणारा हा तरुण त्या संस्थेच्या प्रयोगशाळेंत मदतनीस झाला. वेतन आठवड्यास २५ शिलिंग, माडीवर राहण्यास दोन खोल्या, आणि शिवाय कोळसा व मेणबत्त्या. मेणबत्तीचा हा उल्लेख वाचकांनीं मनांत ठेवावा.

डेव्हींबरोबर दीड वर्ष त्यानें फ्रान्स, इटली इत्यादि देशांत प्रवास केला. डेव्हींच्या पत्नीनें त्यास चाकराप्रमाणें वागविलें. तें सोसून तो शिकत राहिला. १८२१ च्या जून महिन्यांत आपल्याच मंडळीतील सारा बर्नार्ड हिच्याशीं त्यांचा विवाह झाला व पुढल्याच महिन्यांत त्यांनीं मंडळीपुढें आपला विश्वास कबूल केला. त्यांस मूल झालें नाहीं, पण नात्यांतील मुलींचा त्यांच्या घरीं नेहमीं वावर असे.

त्यांचे शोध सगळे सांगूं गेल्यास हें पत्र पुरणार नाहीं. एकच सांगतों. ता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यांनीं लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंस तांब्याच्या तारेचे दोन वेगवेगळे वेढे दिले. एका वेढ्यांत वीज सोडतांच किंवा बंद करतांच दुसऱ्या वेढ्यास जोडलेली चुंबकसुई हलली, आणि वीज सारखी वाहत असतां मात्र ती स्तब्ध राहिली. नंतर ऑक्टोबरांत त्यांनीं तारेच्या पोकळ वेटोळ्यांत लोहचुंबक आंतबाहेर केला, आणि त्या हालचालीनेंच तारेंत वीज उत्पन्न झाली. गांवाच्या कडेला खांबांवर बसविलेली जी पेटी लोक डीपी म्हणून ओळखतात, ती त्या कड्याचीच वंशज होय. आणि कोयनेचें पाणी पडून जीं अवजड यंत्रें फिरतात त्यांत वीज उत्पन्न होते ती याच नियमानें.

परंतु आज आम्हांस फॅरडेसाहेबांची जी बाजू विशेष सांगावयाची आहे ती शिक्षकाची. १८२५ सालीं ते प्रयोगशाळेचे मुख्य झाले. त्याच सुमारास त्या संस्थेंत मुलांकरितां नाताळांत व्याख्यानमाला सुरू झाली. शाळांस सुटी, बाहेर कडाक्याची थंडी, आणि आंत अर्धवर्तुळाकार चढत्या बांकांवर मुलें बसलेलीं, असा तो देखावा असे. पहिली माला दुसऱ्या एका विद्वानांनीं चालविली. पण १८२७ पासून १८६१ पर्यंत फॅरडे यांनीं अशा एकूण १९ माला स्वतः दिल्या. ज्यास मोठमोठ्या राजसभा मान देत त्यानें नाताळच्या दिवसांत लहान मुलांस शिकवीत बसावें, हें कित्येकांस नवल वाटे. १८५५ च्या नाताळांत राणी व्हिक्टोरिया यांचे यजमान प्रिन्स आल्बर्ट आपल्या दोन मुलांस घेऊन तेथें श्रोते म्हणून बसले होते.

त्यांची हातोटी कांहीं जन्मसिद्ध नव्हती. बावीसाव्या वर्षींच त्यांनीं दुसऱ्यांचीं व्याख्यानें ऐकून त्यांतील गुणदोषांविषयीं मित्रास लांबलांब पत्रें लिहिलीं होतीं: खोलींत हवा कशी असावी, बोलणाऱ्यानें श्रोत्यांकडे पाठ कशी करूं नये, उपकरणाआड स्वतः कसें लपूं नये. पुढें त्यांनीं पदरचे पैसे देऊन बोलण्याचें शिक्षण घेतलें. व्याख्यानाच्या वेळीं एक मित्र समोर बसून चुका टिपी, आणि बोलणें भरभर होऊं लागल्यास सावकाश असें लिहिलेलें कार्ड त्यांच्या दृष्टीस पडे. उपदेशक बंधूंनीं असा एखादा मित्र समोरच्या बांकावर बसविल्यास मंडळीचा पुष्कळ फायदा होईल असें आम्हांस वाटतें.

त्यांचा एक नियम होता: मुलांस माहीत असलेली गोष्ट असली तरी ती नुसती सांगावयाची नाहीं, करून दाखवावयाची. हातांतला दगड सोडला कीं खालीं पडतो, हें सांगतांनाहि हात उघडून दगड पाडावा, असें त्यांचें मत. लोहचुंबकाची ओढ केवढी हें दाखविण्यास त्यांनीं एकदां कोळशांनीं भरलेली लोखंडी बादली, मागून शेगडीची सळई व चिमटा भल्या मोठ्या विद्युच्चुंबकावर फेंकले. ते तेथेंच चिकटून राहिलेले पाहून मुलांनीं जो गलका केला असेल त्याची कल्पना करावी! मुलांकरितां नव्हे, पण स्वतःची खात्री करण्याकरितां त्यांनीं १८३६ सालीं बारा फूट लांब, रुंद व उंच असा तारांनीं मढविलेला पिंजरा करविला, व बाहेरून त्यावर विजेच्या ठिणग्या उडत असतां पेटत्या मेणबत्त्या व नाजूक मापकें घेऊन ते आंत जाऊन राहिले. आंत विजेचा मागमूसहि लागला नाहीं. स्वतः करून पाहिल्यावांचून मान्य न करण्याची ही पोऱ्याच्या वयांतली संवय सुटली नाहीं ती नाहींच.

या सर्वांत प्रसिद्ध झालेली माला मेणबत्तीवरील होय. ती त्यांनीं १८४८ च्या व पुन्हां १८६० च्या नाताळांत दिली. दुसऱ्या वेळचीं सहा व्याख्यानें विल्यम क्रुक्स यांनीं १८६१ सालीं पुस्तकरूपानें छापलीं. विद्युत् आणि चुंबक यांचा राजा असा मनुष्य एक मेणबत्ती हातीं घेतो आणि सांगतो कीं सृष्टीचे जे नियम आम्हांस ठाऊक आहेत त्यांपैकीं एकहि असा नाहीं कीं ज्याचा या मेणबत्तीशीं संबंध येत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस यांतील प्रयोग आपल्या शाळेंत करतां येतील, म्हणून ते थोडे विस्तारानें देतों.

मेणबत्ती जळत असतां वातीभोंवतीं वितळलेल्या मेणाची वाटी होते. ही वाटी कोण करतो? ज्योतीच्या उष्णतेनें हवा वर चढते, तिची जागा घेण्यास खालून थंड हवा कडेकडेनें वर येते व मेणाची कड गार ठेवते. म्हणून मध्यभाग वितळतो आणि कांठ उभा राहतो. वाऱ्याच्या झोतांत किंवा नक्षीदार मेणबत्तींत ही वाटी नीट होत नाहीं आणि मेण ओघळतें. दिसावयास सुंदर पण कामास वाईट अशा त्या मेणबत्त्यांवरून, फसलेला प्रयोगहि कांहींतरी शिकवितो असें त्यांनीं मुलांच्या मनावर बिंबविलें. मग वितळलेलें मेण वातींतून वर कसें चढतें? तें दाखविण्यास त्यांनीं मिठाचा एक खांब ताटांत उभा करून ताटांत रंगविलेलें पाणी ओतलें. रंग खांबांतून वरवर चढूं लागला. आपल्या घरीं पंचाचें एक टोंक पाण्याच्या घंगाळांत राहिलें तर सकाळीं पंचा भिजलेला व खालीं जमिनीवर पाणी आढळतें, तोच हा प्रकार.

पुढें ज्योत. मेणबत्ती हळूच विझवावी म्हणजे पांढऱ्या धुराची रेघ वर जाते. दोनतीन इंच वर त्या धुरास पेटती काडी लावतांच ज्योत धुरावरून खालीं उडी घेऊन वात पेटविते. म्हणजे जळतें तें घट्ट मेण नव्हे, त्याची वाफ. ज्योतीवर कागद आडवा धरून जळूं लागण्यापूर्वीं काढून घेतला, तर त्यावर काळें वर्तुळ उमटतें आणि मध्यभाग तसाच राहतो. उष्णता ज्योतीच्या पोटांत नाहीं, जेथें वाफेस हवा भेटते त्या कडेस आहे. ज्योतीवर थंड चमचा धरला तर त्यावर दंव सांचतें. फॅरडे बर्फ व मीठ भरलेलें भांडें धरून त्याच्या बुडाशीं पाण्याचे थेंब जमवून दाखवीत. अग्नींतून पाणी निघालेलें पाहून मुलें थक्क होत.

शेवटीं कर्बाम्ल वायु. मेणबत्ती जळून जी हवा निघते ती चुन्याच्या निवळींत मिसळली म्हणजे निवळी दुधासारखी पांढरी होते. मग ते नळींतून आपला श्वास निवळींत फुंकीत, आणि तीहि तशीच पांढरी होई. मेणबत्ती जळते आणि आपण श्वास घेतों या दोहोंत फरक थोडा. एका मनुष्याच्या शरीरांत दिवसरात्रींत सुमारें सात औंस कर्ब असा जळतो, घोड्याच्या शरीरांत ७९ औंस, आणि त्या काळच्या लंडनांतील सर्व माणसें रोज ५४८ टन कर्बाम्ल वायु बाहेर टाकीत, असा हिशेब त्यांनीं मुलांपुढें मांडला. हा सर्व वायु जातो कोठें? झाडें तो घेऊन वाढतात. आम्हांस जें विष तें त्यांचें अन्न. यांत महागाचें उपकरण कोणतें? चुना तर पानाच्या डब्यांत असतो. एवढेंच कीं निवळी तोंडांत जाऊं देऊं नये. नळींतून फुंकावें, ओढूं नये.

एक उणीव येथें सांगितली पाहिजे. या व्याख्यानांस तिकीट लागे, त्यामुळें बांकांवर बहुतकरून सुखवस्तु घरचीं मुलें असत. पुस्तकाच्या दुकानांतल्या पोऱ्यास तेथें शिरण्यास कोणी मायेचा गिऱ्हाईकच भेटावा लागला असता. म्हणूनच तीं व्याख्यानें छापून पुस्तकरूपानें सर्वत्र गेलीं हें फार चांगलें झालें.

१८५३ सालीं इंग्लंडांत एक साथ आली होती. माणसें मेजाभोंवतीं बसून त्यावर हात ठेवीत, कांहीं वेळानें मेज फिरूं लागे, आणि भुतेंखेतें किंवा गुप्त वीज तें फिरवितात असें चांगले शिकलेले लोकहि म्हणूं लागले. फॅरडे यांनीं कोणास खोटें ठरविलें नाहीं, कीं कोणाची थट्टाहि केली नाहीं. त्यांनीं दोन फळ्यांच्या मध्यें कांचेच्या कांड्या घातल्या व वरची फळी किंचित् सरकली तर एक लांब कांटा हलेल अशी योजना केली. हात वरच्या फळीवर. कांट्यावरून स्पष्ट झालें कीं आधीं हात सरकतात, मग मेज. बसलेले लोक प्रामाणिक होते, पण नकळत ढकलीत होते. आणि कांटा त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवतांच मेज फिरेनासें झालें. अंगांत येणें, करणी, मूठ यांच्या भीतीनें गांजलेल्या आमच्या गांवांत उपदेशक कितीदां तरी नुसते रागावतात. हा दोन फळ्यांचा मार्ग किती शांत होता! या प्रकरणामुळें लोकांच्या शिक्षणांत कांहीं मोठी उणीव आहे असें फॅरडे यांच्या मनानें घेतलें. पुढल्या वर्षीं त्यांनीं मनाच्या शिक्षणावर प्रिन्स आल्बर्ट यांच्या समक्ष व्याख्यान दिलें, व आपल्या मनास आवडतें तेंच खरें मानण्याच्या खोडीस मनुष्यानें स्वतःच आळा घातला पाहिजे असें प्रतिपादिलें. १८६२ सालीं इंग्लंडांतील मोठ्या शाळांची चौकशी चालली असतां त्या मंडळापुढेंहि त्यांनीं, शाळांतून सृष्टिशास्त्र शिकविलें जात नाहीं, याबद्दल साक्ष दिली.

आतां धर्माविषयीं. फॅरडे १८४० सालीं मंडळीचे वडील झाले. आजाऱ्यांस भेटणें, गरिबांस मदत करणें व पाळी आली म्हणजे उपदेश करणें हीं कामें ते करीत. त्यांचा उपदेश व्याख्यानासारखा रंगत नसे. त्यांत शास्त्रवचनें एकामागून एक येत आणि स्वतःचे शब्द थोडे. १८४४ सालीं मंडळीनें शिस्तीच्या एका बाबींत त्यांस कांहीं आठवडे बाहेर ठेवलें. सर्व युरोपांत ज्याचा मान त्या पुरुषानें तें मुकाट्यानें सोसलें व तो परत आंत आला. वडीलपण मात्र त्यांस १८६० पर्यंत पुन्हां मिळालें नाहीं. प्रयोगशाळेंत ते शास्त्रवचनांवरून कांहीं सिद्ध करीत नसत, आणि उपासनेंत विजेचे दाखले देत नसत. कांहीं बंधूंस हें आवडणार नाहीं. मेणबत्ती दाखवितांना त्यांनीं तारणाचाहि मार्ग दाखवावयाचा होता, असें ते म्हणतील. आमचें मत निराळें आहे. ज्या देवानें सृष्टि केली तिच्याविषयीं खोटें बोलावयाचें नाहीं, घाईनें बोलावयाचें नाहीं, आणि न पाहिलेलें पाहिलें म्हणून सांगावयाचें नाहीं, ही त्यांची प्रयोगशाळेंतील भक्ति होती. सृष्टीवरून कर्त्याची ओळख पटते या पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रांतील विचाराचा निर्देश त्यांनीं त्या १८५४ च्या व्याख्यानांत एकदां केला. तेवढा त्यांस पुरे वाटला.

पैशाच्या बाबतींत ते मंडळीच्या शिकवणीस जागले. कारखानदारांचीं कामें करून मोठी मिळकत होत असतां त्यांनीं तीं सोडून दिलीं. १८५७ सालीं रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद चालून आलें, तें नाकारलें. साधा मायकेल फॅरडे म्हणूनच राहण्याची त्यांची इच्छा होती.

त्यांच्या मदतनिसाचें नांव सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सार्जंट अँडर्सन हा तोफखान्यांतील जुना शिपाई जवळजवळ चाळीस वर्षें त्यांच्याजवळ होता. प्रयोगाची सर्व मांडणी त्याच्या हातची. एकदां त्यास घरीं जा असें सांगण्यास फॅरडे विसरले, तेव्हां तो रात्रभर भट्टी पेटती ठेवून बसला व सकाळीं तेथेंच आढळला, अशी गोष्ट सांगतात.

उतारवयांत फॅरडेसाहेबांची स्मरणशक्ति हळूहळू नष्ट होत गेली. पन्नाशीच्या आंतच त्यांस डोकेंदुखी व घेरी यांचा त्रास सुरू झाला होता. १८६१ च्या आरंभीं मेणबत्तीची माला संपली ती मुलांकरितां दिलेली त्यांची शेवटची माला ठरली. पुढल्या वर्षाच्या जून महिन्यांत मोठ्यांपुढील शेवटचें व्याख्यान झालें. १८५८ पासून राणीनें हॅम्प्टन कोर्ट येथें राहावयास घर दिलें होतें, तेथेंच ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं आपल्या अभ्यासिकेंत खुर्चीवर बसले असतां त्यांनीं प्राण सोडला. वेस्टमिन्स्टर ॲबींत राजेरजवाड्यांशेजारीं पुरले जाण्याची त्यांची इच्छा नव्हती. हायगेट येथील कबरस्तानांत थोड्या आप्तमित्रांनीं त्यांस मूठमाती दिली. दगडावर नांव आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.

मुलांचीं तीं नाताळचीं व्याख्यानें मात्र त्याच इमारतींत अजून होतात. १९३९ ते १९४२ या महायुद्धाच्या वर्षांत तेवढा खंड पडला. १९६६ पासून तीं दूरदर्शनवरूनहि दाखविण्यांत येऊं लागलीं, आणि त्यामुळें ज्यांस तिकीट मिळत नसे अशीं मुलेंहि तीं पाहूं लागलीं.